गिरणगावातला पैसा : पगार, उधारी आणि पत

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी उभारण्याचे काम हाती घेतले. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, करी रोड, डिलाईल रोड, शिवडी, वरळी, प्रभादेवी असा सलग पट्टा गिरण्यांच्या भोंग्यावर उठू-बसू लागला. हाच गिरणगाव. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे कोकणी, साताऱ्या-कोल्हापूरचे घाटी, तेलंगणातून आलेले पद्मशाली, उत्तर प्रदेशातले भय्ये, मदनपुऱ्याचे मोमीन विणकर, गोव्याचे ख्रिस्ती असे लोक या पट्ट्यात शेजारी शेजारी राहिले. या वस्तीने मालकांचे फारसे ऐकले नाही, सरकारचे ऐकले नाही, आणि वेळ आली तेव्हा मान्यताप्राप्त युनियनलाही जुमानले नाही. हा स्वतंत्र बाणा टिकवायला पैसा लागतो. संप करायचा तर संपाच्या काळात चूल पेटायला हवी. म्हणून गिरणगावातल्या पैशाची घडण समजल्याशिवाय तिथली चळवळ पुरती समजत नाही. दोन्हींचा इतिहास मात्र आजवर वेगवेगळा लिहिला गेला.

सुरुवात पगारापासून करावी लागते. गिरणीतला पगार महिन्याचा होता, पण महिना संपताच तो हाती पडत नसे. महिनाभराचे काम संपल्यावर हिशेब होई आणि पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर पैसे मिळत. गावाहून नवा आलेला माणूस कामावर चढला की पहिला पगार हातात यायला दीड महिना लागे. तेवढे दिवस तो जेवणार कुठे, राहणार कुठे? उत्तर एकच होते: उधारीवर. म्हणजे कामगार पहिली कमाई करण्याआधीच कर्जदार होत असे. यात त्याच्या सवयींचा किंवा उधळेपणाचा काहीच संबंध नव्हता. पगार देण्याच्या रीतीतूनच हे कर्ज जन्माला येत होते. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने एक हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत आणि मोठ्या कारखान्यांना दहा तारखेपर्यंत पगार देणे बंधनकारक केले, तेव्हा ही फट थोडी अरुंद झाली. पूर्ण बुजली नाही, कारण बदली कामगाराला महिन्यात किती दिवस काम मिळेल हे त्यालाही ठाऊक नसे. बदलीवाला रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही आणि कुणाचा खाडा पडला तर त्याला काम मिळे. अशा माणसाच्या उत्पन्नावर कोणती बँक कर्ज देणार?

पगारात जातीचाही वाटा होता. विणकाम खात्यात पगार चांगला मिळे, पण धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागतो या कारणावरून दलित कामगारांना त्या खात्यात येऊ दिले जात नव्हते. त्यांना कमी पगाराच्या खात्यांत राहावे लागे. ज्याचा पगार कमी त्याची पतही कमी, आणि ज्याची पत कमी त्याला व्याज जास्त. अस्पृश्यतेची किंमत अशी दर महिन्याला रोख रकमेत मोजावी लागत होती.

उधारी देणारे अनेक होते आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती. चाळीच्या तळमजल्यावरचा वाणी महिन्याचे धान्य वहीवर देई. तो उघड व्याज लावत नसे. भाव थोडा चढा, माल थोडा हलका, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही, हेच त्याचे व्याज. गिरणीतला जॉबर किंवा मुकादम आपल्या हाताखालच्या माणसांना पैसे देई. काम देणारा आणि कर्ज देणारा एकच झाला की त्याच्यापुढे मान वर करणे अवघड होते, म्हणून हे कर्ज सर्वांत घातक म्हणावे लागेल. सोने आणि तांब्या-पितळेची भांडी मारवाड्याकडे गहाण पडत. आणि ज्याच्याकडे गहाण टाकायलाही काही उरले नाही, तो पठाण सावकाराकडे जाई.

रुपयाला महिना एक आणा हा त्या काळी सर्रास चालणारा दर होता. ऐकायला तो किरकोळ वाटतो. शंभर रुपये घेतले तर महिन्याचे व्याज शंभर आणे, म्हणजे सव्वासहा रुपये, वर्षाचे पंचाहत्तर. मुद्दल तसेच उभे. पठाणाचा दर याहूनही वर जाई. पगाराच्या दिवशी तो गिरणीच्या फाटकाशी उभा राही, कारण पैसा घरी पोचायच्या आत गाठणे हीच त्याची वसुलीची पद्धत. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात नोंदवले की बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत. कर्जवसुलीसाठी कारखान्याच्या आसपास ठाण मांडणे हा गुन्हा ठरवावा आणि महिना तीनशे रुपयांपेक्षा कमी पगार असलेल्या कामगाराच्या पगारावर जप्ती येऊ नये, अशा शिफारशीही आयोगाने केल्या. मुंबई प्रांतात सावकारीवर परवान्याचे बंधन घालणारा कायदा १९४६ चा. महाराष्ट्रात त्याची जागा २०१४ मध्ये नव्या कायद्याने घेतली. पण कायद्याने सावकार हटला, असे म्हणता येत नाही. कर्ज ताबडतोब, कागदपत्रांशिवाय आणि रात्री-अपरात्री देणारा दुसरा कुणी उभा राहिला, तिथेच सावकार मागे सरला.

हा दुसरा कुणी वस्तीतूनच आला. कोकणातला माणूस मुंबईत एकटा येत नसे; तो गावाच्या खोलीत येई. एका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेली खोली, तिचे भाडे सगळ्यांत वाटलेले, पाळी पाळीने झोपणे, आणि एक सामाईक फंड. कुणी आजारी पडला, कुणाच्या घरी मयत झाली, कुणाला अचानक गावी जावे लागले, की फंडातून पैसे मिळत. धोबीतलाव-गिरगावच्या बाजूला गोव्याच्या खलाशांच्या आणि नोकरदारांच्या कुडी याच धर्तीवर चालत. या फंडांना नोंदणी नव्हती, व्याजाचा तक्ता नव्हता. पण पैसे बुडवून गावात तोंड दाखवता येत नाही, एवढे तारण पुरेसे होते.

गाव आणि मुंबई यांच्यात पैसा वाहत असे तो मनीऑर्डरने. ही सोय टपाल खात्याने १८८० साली सुरू केली, आणि दोन वर्षांनी टपाल बचत बँक आली. कोकणातली कितीतरी घरे मनीऑर्डरवर चालली हे सर्वज्ञात आहे. उलट दिशेच्या प्रवाहाकडे मात्र दुर्लक्ष होते. गावाकडून तांदूळ येई, कुळीथ येई. संप लांबला की कामगार गावी जाऊन शेतीला लागे आणि मुंबईतला खर्चच बंद होई. १९२८ चा संप सुमारे सहा महिने टिकला, त्यामागे गावाकडची जमीन आणि वाण्याची उधारी हे दोन आधार होते. ज्या वाण्याला एरवी शिव्या पडत, तोच संपात पाठीशी राही; कारण गिऱ्हाईक तुटले तर मागची सगळी बाकी बुडेल हे त्याला कळत होते. देणेकरी आणि घेणेकरी असे एकमेकांत अडकलेले होते.

एकट्या पुरुषांच्या या वस्तीत जेवण पुरवणारी बाई हीसुद्धा एक पतसंस्थाच होती, आणि तिच्याकडे अर्थशास्त्राने फार उशिरा पाहिले. खाणावळवाली महिनाभर दोन वेळचे जेवण घाली आणि पैसे घेई पगार झाल्यावर. गावी गेलेल्याचे खाडे वजा होत. म्हणजे वीस गडी जेवत असतील तर वीस जणांना महिन्याभराचे बिनव्याजी कर्ज तिने दिलेले असे. त्यासाठी धान्य, रॉकेल, सरपण तिला वाण्याकडून उधार घ्यावे लागे किंवा सावकाराकडून व्याजाने पैसे उचलावे लागत. गडी पैसे न देता पळाला तर तोटा तिचा. ज्या वस्तीच्या कष्टाचा सगळा भार शेवटी तिच्या चुलीवर येत होता, त्या वस्तीत तिला कामगार म्हणून कुणी मोजले नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले ते या बायकांसाठी. कम्युनिस्ट कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताईंना संपाच्या काळात कामगारांना कोण जेवू घालते हे दिसत होते. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि दुर्बळ घटकांना कर्ज देण्याची जबाबदारी बँकांवर आली होती. १९७२ पासून चार टक्के व्याजाची विभेदक व्याजदर योजनाही होती. योजना कागदावर होती, खाणावळवाली चाळीत होती. मंडळाने दोघींची गाठ घालून दिली. बायकांचे गट केले आणि एकीच्या कर्जाला गटातल्या बाकीच्या जामीन राहिल्या. सही येत नव्हती तिथे फोटो लावले, बँकेच्या पायऱ्या चढायची भीती घालवली. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेच्या प्रयोगाला सुरुवात झाली ती १९७६ मध्ये. गटाच्या जामिनावर बायकांना कर्ज देण्याची रीत जवळपास त्याच सुमारास लालबाग-परळच्या चाळींत रुजत होती. या कामाचे मोल महाराष्ट्राने अजूनही पुरेसे केलेले नाही.

बायकांची आणि पुरुषांचीही सर्वांत लाडकी बचत म्हणजे भिशी. वीस जणांनी दरमहा पन्नास रुपये काढले तर हजार रुपये जमतात. साध्या भिशीत चिठ्ठी टाकतात आणि ज्याचे नाव निघेल त्याला हजार मिळतात. वीस महिन्यांत प्रत्येकाला एकदा. लिलावाच्या भिशीत गरजू माणूस बोली लावतो. समजा, एकाने साडेआठशेतच भिशी उचलली. उरलेले दीडशे वीस जणांत वाटले, प्रत्येकाला साडेसात रुपये आले. म्हणजे घाई असलेल्याने व्याज दिले आणि थांबलेल्यांनी ते मिळवले. सुरुवातीला भिशी उचलणारा कर्जदार असतो, शेवटी उचलणारा ठेवीदार, आणि कोण कुठे बसेल हे ज्याच्या त्याच्या गरजेवर ठरते. धोका एकच: आधी उचलून पुढचे हप्ते न देणारा. म्हणून नव्या माणसाला शेवटचा नंबर देतात, आणि चालवणाऱ्याने सगळ्यांची जबाबदारी घेतलेली असते. पाच-पन्नास ओळखीच्या माणसांत ही पद्धत अतिशय चांगली चालते. अनोळखी लोकांत तीच पद्धत फसवणुकीचे साधन होते. देशभरासाठी चिट फंडांचा कायदा १९८२ मध्ये आला तो याच अनुभवातून.

ओळखीच्या पैशाला कायद्याचे रूप दिले सहकाराने. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि त्यानंतर तीन वर्षांच्या आत, २७ डिसेंबर १९०६ रोजी, श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावे मुंबईत संस्था काढली. तीच आजची एसव्हीसी बँक. १९१५ मध्ये गावदेवीत त्यांनीच सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. १४ सप्टेंबर १९१८ रोजी गिरगावात सारस्वत सहकारी संस्था सुरू झाली. पारशी समाजाची झोरोस्ट्रियन बँक १९२७ ची, महंमद अली रोडवरची बॉम्बे मर्कंटाइल १९३९ ची. प्रत्येक समाजाने आपापली बँक काढली याला संकुचितपणा म्हणण्याची पद्धत आहे. पण त्या काळी मोठ्या बँका व्यापाऱ्यांसाठी होत्या. पंधरा-वीस रुपये पगाराच्या कारकुनाला त्यांच्या दारात कुणी उभे करत नसे. कोण परतफेड करील हे ज्यांना माहीत होते त्यांनीच कर्ज द्यायला सुरुवात केली, आणि ते जातभाई किंवा गाववाले होते. त्या वर्तुळाबाहेरच्याचे हाल मात्र तसेच राहिले, हेही तितकेच खरे.

गिरणगावात हे वर्तुळ जातीकडून कामाकडे सरकले. गिरणीतल्या पतपेढीत सभासद व्हायला एकच अट: त्याच गिरणीत नोकरी. कर्ज मागणारा भाग विकत घेई, दोन जामीनदार आणी, आणि हप्ता पगारातून कापला जाई. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात पगारकपातीची ही तरतूद आहे. वसुलीसाठी कुणाला दारात जावे लागत नसे. त्यामुळे व्याज कमी ठेवता येई, आणि साच्यावर शेजारी उभे असलेले कोकणी, घाटी, भय्या आणि तेलुगू एकमेकांना जामीन राहू लागले. १९६४ मध्ये काळाचौकीच्या परिसरात अभ्युदय पतसंस्था सुरू झाली. भागभांडवल होते पाच हजार रुपये. पुढच्याच वर्षी तिची बँक झाली. १९६८ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक निघाली, आणि टॅक्सीचालकांना स्वतःची टॅक्सी घ्यायला कर्ज मिळू लागले. संप करणारे लोक बँकही चालवू शकतात हे या वस्तीने दाखवून दिले.

तरी या पद्धतीत एक कमकुवत दुवा होता. कर्जदार आणि जामीनदार दोघांचा पगार एकाच फाटकातून येत होता. एकाची नोकरी गेली तर दुसरा भरी. पण दोघांची एकाच दिवशी गेली तर काय, याचा विचार करण्याची गरज तोवर पडली नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पहिले काही महिने जुने आधार चालले. माणसे गावी गेली, वाण्याने उधार दिले, नातलगांनी धान्य पाठवले. मग आधी अंगठी-चेन, मग मणी-मंगळसूत्र, मग हंडे-कळशा गहाण पडल्या आणि बऱ्याच सुटल्या नाहीत. पतपेढ्यांची कपात बंद झाली, कारण कापायला पगारच नव्हता. खाणावळींची बाकी थकली. वाण्यांची दुकाने रिकामी झाली. भिशीचे हप्ते बंद पडले. एकाच पगारावर उभी असलेली ही सगळी साखळी एकदम सैल झाली. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि हजारो कामगार पुन्हा कामावर गेलेच नाहीत. गिरणगावाच्या पैशाची घडण मोडली ती इथे. दोष ओळखीवर चाललेल्या पतव्यवहाराचा नव्हता. सगळ्यांवर एकाच वेळी येणारे संकट पेलण्याची ताकद ओळखीत नसते. त्याला वस्तीबाहेरचा आधार लागतो, म्हणजे बेकारी भत्ता, विमा किंवा सरकार. त्यातले काहीही कामगाराच्या वाट्याला वेळेवर आले नाही.

पुढची दोन दशके गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली ठोक रकमा मिळाल्या. आयुष्यभर महिन्याच्या हिशेबाने जगलेल्या माणसाच्या हातात एकदम मोठी रक्कम आली, आणि तिच्यावर हक्क सांगणारेही एकदम आले: जुनी देणी, मुलीचे लग्न, गावचे घर, मुलाच्या धंद्याचे भांडवल. उरलेल्या पैशाचे काय करावे हे सांगणारे विश्वासाचे कुणी नव्हते. नेमक्या त्याच नव्वदीच्या दशकात भरमसाट व्याजाची आमिषे दाखवणाऱ्या वित्त कंपन्या गल्लोगल्ली उगवल्या होत्या. १९९७ मध्ये त्यांतलीच सीआरबी कोसळली, आणि ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये वेगळा कायदा केला. घराची गोष्टही पैशाशीच जोडलेली. गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. बाजारभावाच्या मानाने घर स्वस्त होते, पण साठी ओलांडलेल्या, नियमित उत्पन्न नसलेल्या माणसाला गृहकर्ज मिळणे कठीण. मुलगा सहकर्जदार झाला तर कर्ज, नाहीतर गावची जमीन किंवा सोने विकून रक्कम उभी करायची. कामगारांची निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. त्याआधीच नोकरी गेलेल्या बहुतेकांना तिचा लाभ नाही, आणि ज्यांना आहे त्यांच्यासाठी २०१४ पासून किमान रक्कम महिना एक हजार रुपये. पुनर्विकासात चाळीची इमारत झाली की खोलीची किंमत लाखांतून कोटीत जाते, पण देखभाल शुल्क भरावे लागते ते महिन्याच्या रोख उत्पन्नातून, आणि तेच नसते. घर मोठे, हातात पैसा नाही, अशी अनेक वृद्ध कुटुंबे आज परळ-लालबागमध्ये आहेत.

ठेवींचा प्रश्नही याच वयोगटाला सर्वाधिक भिडतो, कारण त्यांची बचत बहुधा ओळखीच्या सहकारी बँकेतच असते. शाखेतला कर्मचारी नावाने ओळखतो, अर्ज भरून देतो. हा आपलेपणा खरा आहे आणि मोलाचा आहे. पण बँक शंभर शाखांची झाली की संचालक काय करतात हे शाखेतल्या कर्मचाऱ्यालाही कळत नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. एकाच बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जे हजारो बनावट खात्यांआड लपवली होती. बॉम्बे लेबर बँकेचीच पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झाली होती. तिच्यावर १३ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध आले आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. अभ्युदय बँकेचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये बरखास्त करून प्रशासक नेमला. तिचे दैनंदिन व्यवहार मात्र थांबवले नाहीत.

अशा वेळी ठेवीदाराच्या मागे उभा राहतो तो ठेव विमा. १९६२ मध्ये तो सुरू झाला तेव्हा मर्यादा पंधराशे रुपये होती. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. ही मर्यादा दर माणशी, दर बँकेमागे आहे. एकाच बँकेच्या तीन शाखांत एकाच नावाने तीन ठेवी असतील तर तिन्ही मिळून पाच लाखच, आणि त्यात मुद्दल व व्याज दोन्ही आले. पतीच्या एकट्याच्या नावावरची ठेव आणि पती-पत्नींच्या संयुक्त नावावरची ठेव या मात्र वेगळ्या मोजल्या जातात. दोन वेगळ्या बँकांतल्या ठेवींनाही स्वतंत्र संरक्षण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद झाली आहे. हे संरक्षण फक्त बँकांतल्या ठेवींना आहे. पतपेढीतली ठेव, वित्त कंपनीतली ठेव आणि भिशी या विम्याखाली येत नाहीत.